जलालपूरची मनू : स्वतःचा स्वीकार कसा करावा?



शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही प्रभू येशूची आज्ञा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मात्र या आज्ञेला एक माप जोडलेले आहे, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शेजाऱ्यावर किती प्रीती करायची? जितकी आपण स्वतःवर करतो तितकी. मग ज्याला स्वतःचाच कंटाळा आला आहे, ज्याला स्वतःचा रंग, स्वतःचे घर, स्वतःची भाषा, स्वतःचे शिक्षण यांची लाज वाटते, त्याने शेजाऱ्याला कोणत्या मापाने मोजायचे? माप खोटे असले की धान्य कितीही चांगले असो, व्यवहार खोटाच होतो.

घरभेटीला गेल्यावर हा आजार किती पसरला आहे ते कळते. वाचन करायला वेदीजवळ या म्हटले की आपले शिक्षण कमी असे सांगून माणसे मागे सरतात. चांगल्या गुणांनी पास झालेली मुलगी शेजारणीच्या मुलीपेक्षा चार गुण कमी पडले म्हणून दोन दिवस जेवत नाही. आपण मूळचे कोण, कुठल्या गावचे, आजोबा काय काम करीत होते, हे सांगायची वेळ आली की चांगली शिकलेली तरुण मुले विषय बदलतात. याला आपण कधी कधी नम्रता समजतो. पण ही नम्रता नव्हे. देवाने जे दिले ते नाकारणे ही नम्रता कशी असेल?

स्वतःचा स्वीकार हा शब्द सोपा आहे, करणे अवघड आहे. पुस्तकी व्याख्या सांगण्यापेक्षा आपल्याच नाशिकच्या एका बाईंची जीवनकथा आज सांगतो. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतल्या होत्या. परंतु आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बांधवांमध्ये पवित्र आत्म्याने केलेले कार्य आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे. शिवाय त्या आपल्या गोदाकाठच्या. त्यांच्याकडून शिकायला कमीपणा कसला?

मीठसुद्धा धुणारे घर

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तिथे १८६८ साली एका चित्पावन ब्राह्मण घरात लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. तिच्या जन्माआधी त्या घरावर मोठा आघात झाला होता. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड स्वार झाले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, या धास्तीत सारे घर जगत होते. सर्वांत जास्त हाल घरातल्या बायकामुलांचे होत.

बंधू-भगिनींनो, मीठ धुतले तर काय उरते? पाण्यात विरघळून जाते. माणसाचेही तसेच आहे. आपण मुळातच घाण आहोत, सतत घासले पाहिजे, या समजुतीने जो स्वतःला रात्रंदिवस धूत बसतो, त्याची चवच निघून जाते. आपण जगाचे मीठ आहोत असे प्रभू सांगतात. ते मीठ वापरायचे असते, धूत बसायचे नसते. पापाची कबुली देणे वेगळे आणि स्वतःचा किळस करणे वेगळे. कबुली आपल्याला पित्याकडे नेते, किळस आपल्याला कोपऱ्यात नेऊन बसवते.

मनूने त्या घरातून भीतीही घेतली आणि एक वेगळीच देणगीही घेतली, ती म्हणजे हसण्याची. मोठेपणी याच दिवसांबद्दल लिहिताना त्यांनी वडिलांना दोष देत बसण्याऐवजी त्या साऱ्या तऱ्हेवाईकपणाची गंमत वाचकांपुढे ठेवली. आपल्या भूतकाळावर न चिडता हसता येणे, ही स्वीकाराची पहिली पायरी आहे.

विद्वानाची बायको

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नावही बदलले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले, नाशिकला शिकलेले, संस्कृतचे जाणकार आणि जातिवंत कवी. स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. आज इथे नोकरी, उद्या तिथे. मनात आले की घर सोडून निघायचे. हातात पैसा आला की मागणाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. राग जितका लवकर येई तितकाच लवकर जाई. संसाराचा गाडा ओढायचा तो लक्ष्मीबाईंनी. काही मुले लहानपणीच गेली, ते दुःखही त्यांनी सोसले. १८९१ साली जन्मलेला देवदत्त ऊर्फ दत्तू हा मुलगा तेवढा जगला.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. टिळकांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवायचा प्रयत्न केला, पण गुरुजींना धीर नव्हता आणि शिष्येला घरकामातून सवड नव्हती. वाचता येऊ लागले, तरी जोडाक्षरे पुढेही त्यांना अवघडच जात. एका बाजूला सभा गाजवणारा, मासिके चालवणारा नवरा आणि दुसऱ्या बाजूला अक्षरे जुळवणारी बायको. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर स्वतःला अगदी क्षुद्र मानून नवऱ्याची सावली होतो, किंवा आतून कुढत राहतो. लक्ष्मीबाईंनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्या भांडल्या, रुसल्या, हसल्या, पण आपले मत आपल्याजवळ ठेवून राहिल्या. त्याचा कस पुढे लागला.

१८९५ चा आघात

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंवर विजेसारखी कोसळली. नवरा जिवंत आहे पण आपला नाही, समाजाच्या लेखी आपण सौभाग्यवती की कोण, मुलाचे काय होणार, असे शंभर प्रश्न एकदम उभे राहिले. त्या आजारी पडल्या. बहिणीच्या आधाराने दत्तूला घेऊन पंढरपुरास राहिल्या. याच काळात त्यांचे दुःख कवितेत उतरू लागले. जिला अक्षरे जुळवता येत नव्हती, तिला शब्द जुळवता येऊ लागले.

आपण ख्रिस्ती लोक ही कथा सांगताना कधी कधी घाई करतो आणि नवऱ्यापाठोपाठ बायकोही ख्रिस्ती झाली असे एका ओळीत आटोपतो. तसे झाले नाही. नवऱ्याच्या आणि बायकोच्या बाप्तिस्म्यामध्ये पाच वर्षांचे अंतर आहे. ती पाच वर्षे या जीवनकथेचा गाभा आहेत.

विरहाच्या काळानंतर त्या पुन्हा टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आपल्या धर्मावर, आपल्या सोवळ्यावर, आपल्या वेगळ्या चुलीवर ठाम होत्या. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायकोचा स्वयंपाक वेगळा, असा संसार चालला. टिळकांचे मोठेपण असे, की एरवी क्षणात तापणाऱ्या या माणसाने इथे मात्र बायकोवर बळजबरी केली नाही. तिच्या सोवळ्याची सोय त्यांनी होऊ दिली आणि वाट पाहिली.

लक्ष्मीबाईंनाही खोटे वागता आले असते. नवऱ्याला बरे वाटावे म्हणून वरवर होकार देता आला असता, किंवा नातेवाइकांना बरे वाटावे म्हणून मनात उठणारे प्रश्न दाबून टाकता आले असते. आपण आज जिथे आहोत तिथे आहोत, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. मी अजून तयार नाही, हे कबूल करायलाही धैर्य लागते. आणि ज्याने आपले आजचे ठिकाण मान्य केले, त्यालाच पुढचे पाऊल टाकता येते. नकाशात आपण कुठे उभे आहोत हेच ठाऊक नसेल, तर रस्ता सापडून काय उपयोग?

मग त्यांच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. माणसामाणसांतला हा जातीचा भेद देवाने केला की माणसाने? विचार करता करता त्यांना उत्तर मिळाले, की तो माणसाने केला. उत्तर मिळाल्यावर त्या थांबल्या नाहीत. आता कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय त्यांनी केला. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी! हा निर्णय नवऱ्याच्या आग्रहाने झाला नाही, कोणा मिशनऱ्याच्या उपदेशाने झाला नाही, तो त्यांच्या स्वतःच्या विवेकबुद्धीने झाला. त्यानंतर १९०० साली राहुरी येथे त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

संत थॉमस अक्वायनस यांची एक शिकवण सेमिनरीत प्रत्येकाला घोकावी लागते. देवाची कृपा माणसाच्या स्वभावाला मोडून टाकत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. वर्गात हे तत्त्वज्ञान कोरडे वाटते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ते चालते-बोलते दिसते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा विनोद गेला नाही, फटकळपणा गेला नाही, ओवी-अभंगाचे वळण गेले नाही. गेली ती भीती. शिवाशिवीच्या धास्तीत गुंतून पडलेली शक्ती मोकळी झाली आणि दुसऱ्यांच्या कामी आली.

मोकळ्या झालेल्या हातांचे काम

तो काळ १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाचा होता. लक्ष्मीबाईंनी अनाथ, उपाशी मुलांना घरात घेतले, त्यांना न्हाऊमाखू घातले, जेवू घातले. ज्या हातांना परक्याचा स्पर्श चालत नव्हता, ते हात आता अनोळखी मुलांच्या डोक्यावरून फिरू लागले. अहमदनगरला प्लेग आला तेव्हाही त्या सेवेला उभ्या राहिल्या. निसर्गकवी बालकवी ठोंबरे तरुणपणी टिळकांच्या घरी राहत, त्यांच्यावरही त्यांनी मुलासारखी माया केली.

इथे आपल्या विषयातली एक मोठी गोष्ट लक्षात येते. स्वतःचा स्वीकार म्हणजे दिवसभर आरशासमोर बसणे नव्हे. ज्याचे स्वतःशी भांडण मिटले, त्याला स्वतःकडे सारखे पाहावे लागत नाही. दुखरा दातच जिभेला सारखा बोलावतो. दात बरा झाला की आपण त्याला विसरतो आणि जेवणाकडे लक्ष देतो.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले, काही काळ मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला राहिल्या आणि अखेर नाशिकला आल्या.

टिळकांचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. प्रभू येशूचे चरित्र मराठी ओवीत सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी सुरू केले होते, पण दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते गेले नव्हते. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले होते, त्याच परंपरेतले हे काम. ते पुढे कोण नेणार? मोठमोठे पंडित होते. पण ते नेले, जोडाक्षरांना अडणाऱ्या या बाईंनी. त्यांनी थोडेथोडके नाही, चौसष्ट अध्याय रचले. टिळकांची संस्कृतप्रचुर शैली आपल्याला साधणार नाही हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी नक्कल केली नाही. जात्यावर, चुलीपाशी, बायकांच्या तोंडी असते तशी साधी ओवी त्यांना येत होती, त्या तसेच लिहीत गेल्या.

'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचेही तसेच. ते आधी 'संजीवनी' मासिकातून येत राहिले आणि १९३४ पासून पुस्तकरूपाने भागाभागांनी निघाले. शेवटचा भाग निघाला तेव्हा त्या हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या देवाघरी गेल्या. मराठीतील सर्वोत्तम आत्मचरित्रांमध्ये या पुस्तकाची गणना होते, त्याची इंग्रजीत भाषांतरे झाली आहेत. त्यात मोठे शब्द नाहीत. आपली फजिती, आपला अडाणीपणा, नवरा-बायकोची भांडणे, आपला हट्ट, आपली भीती, सगळे त्यांनी उघडपणे सांगितले आहे. कुठेही स्वतःला संत म्हणून उभे केलेले नाही आणि कुठेही स्वतःला तुच्छ लेखलेले नाही. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असे अविला येथील संत तेरेजा शिकवीत. या अर्थाने 'स्मृतिचित्रे' हे नम्रतेचे पुस्तक आहे.

मग पापाचे काय?

कोणी विचारील, फादर, स्वतःला जसे आहे तसे स्वीकारायचे म्हटले तर सुधारायचे कशाला? दारू पिणारा म्हणेल, मी असाच आहे. रागीट माणूस म्हणेल, माझा स्वभावच असा, सांभाळून घ्या.

शंका योग्य आहे. तिचे उत्तरही या जीवनकथेत आहे. आपल्याजवळ दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही आपल्याला मिळालेल्या असतात : जन्म, आईवडील, रूप, बुद्धीची मर्यादा, भूतकाळ. त्या देवाच्या हातून आल्या किंवा देवाने येऊ दिल्या, त्या स्वीकारायच्या. काही गोष्टी आपण निवडतो : कोणाला तुच्छ लेखणे, खोटे बोलणे, व्यसन, सूड. त्या आपल्या आहेत एवढे कबूल करायचे आणि सोडून द्यायच्या. लक्ष्मीबाईंनी आपले अल्पशिक्षण स्वीकारले आणि त्यातूनच लिहिले. शिवाशिव मात्र त्यांनी स्वभाव म्हणून कुरवाळत ठेवली नाही. चूक कळल्यावर सोडली. प्रायश्चित्त संस्कारात आपण हेच करतो. कबुली न देणारा आणि स्वतःला कधीच क्षमा न करणारा, दोघेही देवाच्या दयेला दाराबाहेर ठेवतात.

रोमानो ग्वार्दिनी (१८८५-१९६८) हे जर्मनीत राहून काम केलेले धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ. स्वतःचा स्वीकार या विषयावर त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले आहे. त्यांच्या विचाराचे सार असे, की मी स्वतःला घडवलेले नाही, मी मला मिळालो आहे. ज्या देवाने मला माझ्या हाती दिले, त्याच्यावर विश्वास असेल तरच ही देणगी घेता येते. म्हणून स्वतःचा स्वीकार हा शेवटी श्रद्धेचाच प्रश्न आहे. मी मला नको आहे असे म्हणताना, देवा, तुझी निवड चुकली, असे आपण म्हणत असतो.

आपल्यासाठी

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

एक, मुलांना आपल्या घराची खरी गोष्ट सांगा. पणजोबा कुठून आले, काय काम करीत होते, श्रद्धा घरात कशी आली, कोणी किती सोसले. आपल्या नाशिक-नगर भागातल्या अनेक कुटुंबांच्या मागे दुष्काळ, गरिबी आणि गावकुसाबाहेरचे जगणे आहे. ते लपवायचे कारण नाही. प्रभू येशू स्वतः गोठ्यात जन्मले आणि सुताराच्या घरी वाढले. शुभवर्तमानकारांनी ते झाकून ठेवले नाही.

दोन, घरातल्या कोणाचीही दुसऱ्याशी तुलना एक आठवडा करू नका. भावाशी नको, शेजाऱ्याच्या मुलाशी नको, आपल्या स्वतःच्या तरुणपणाशीही नको. टिळकांनी बायकोला वेळ दिला, तसा एकमेकांना वेळ द्या. ज्याला घरात कोणी स्वीकारले नाही, त्याला स्वतःला स्वीकारणे फार जड जाते.

तीन, मला येत नाही म्हणून टाळलेले एक काम हाती घ्या. कोणी वाचन करावे, कोणी आजाऱ्याला भेटावे, कोणी आपल्या आजीच्या तोंडची भक्तिगीते लिहून काढावीत. अक्षर वाकडे आले तरी चालेल. देवाला जोडाक्षरांची अडचण नाही.

जलालपूर आपल्यापासून दूर नाही. गंगेच्या काठाकाठाने कधी त्या बाजूला गेलात, तर मीठ धुणाऱ्या घरातल्या त्या मुलीची आठवण करा आणि आपल्या मुलाबाळांनाही तिची गोष्ट सांगा.

हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला आमच्या आईच्या उदरात घडवलेस आणि नावाने ओळखलेस. आम्ही जे आहोत त्याबद्दल तुझे आभार मानायला आम्हांला शिकव, जे सोडले पाहिजे ते सोडायला बळ दे, आणि मोकळ्या हातांनी शेजाऱ्याची सेवा करायला आम्हांला पाठव. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.

आपला,
धर्मग्राम प्रमुख धर्मगुरू